जुन्या प्रवासी बसगाड्यांचे उत्तरायुष्य

अकोल्याहून पातूर, मेडशी व मालेगाव या क्रमाने वाशीमला आणि तेथून हिंगोलीला जाणारा मार्ग वऱ्हाड व मराठवाडा यांस जोडतो. १९५६ पूर्वी मेडशीकडील प्रदेश मध्यप्रदेशात, तर हिंगोलीकडील प्रदेश हैदराबाद राज्यात मोडत असे. पुनर्रचनेनंतर हे दोन्ही प्रदेश मुंबई राज्यात आले आणि १९६१ मध्ये महाराष्ट्राचे स्वतंत्र परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. या संस्थात्मक घडामोडी नोंदल्या जातात. परंतु अशा मार्गांवर झिजलेल्या गाड्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्नही तितकाच उद्बोधक आहे.

अमेरिकेत या प्रश्नाचे एक निश्चित उत्तर मिळते. जनरल मोटर्सने ग्रेहाउंड कंपनीसाठी १९५४ ते १९५६ या काळात १००१ ‘सीनिक्रूझर’ गाड्या बांधल्या. कंपनीच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांतील अनेक गाड्या खाजगी मालकांनी विकत घेऊन त्यांची शय्या, स्वयंपाकघर व स्नानगृह यांनी युक्त अशी आलिशान निवासयाने केली. हे घडण्याचे कारण हौस एवढेच नव्हते. या गाड्यांत वेगळी चासी नसून ॲल्युमिनियमचे कवचच भार पेलत असे. ते सहसा गंजत नसे. बैठकीखालील प्रशस्त सामानकक्षात पाण्याच्या टाक्या व बॅटऱ्या सहज सामावत. गाडी अखंड राहिली, म्हणूनच तिचे घर होऊ शकले.

महाराष्ट्रातील परंपरा निराळी आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या एस. टी.ची बांधणी लाकडी होती. पुढे दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील कार्यशाळांत कारखान्यातून आलेल्या चासीवर बॉडी चढविण्याची पद्धत रूढ झाली. चासी आणि बॉडी ही दोन पृथक अंगे असल्यामुळे एकीचे आयुष्य सरले तरी दुसरी वापरता येते. अखेरीस उरते ते लिलावातील भंगार.

येथील रूपांतरेही सार्वजनिक गरजेपोटी झाली. २०१६ पासून पुण्यात काही जुन्या शहरी बसगाड्यांत स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे उभारण्यात आली. २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाने जुन्या एस. टी. गाड्यांतील आसने काढून त्यांच्या मालगाड्या केल्या. २०२१ मध्ये राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले खरे. परंतु १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी व महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी संपुष्टात आणण्याचा केंद्रीय नियम लागू झाला. वारसा-वाहनांविषयीचे २०२१ चे नियम पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूप टिकविलेल्या दुचाकी-चारचाकींपुरतेच आहेत. सारांश, खाजगी मोटारीस वारसा म्हणून मान्यता मिळते. सहस्रावधी लोकांना वाहून नेणारी बस मात्र नियमानेच भंगारात जाते.

याचा परिणाम इतिहासलेखनावर होतो. निवासयान झालेली अमेरिकन गाडी आतून बदलली, तरी तिची घडण अभ्यासकास तपासता येते. मेडशीसारख्या गावांचा बाजार, शाळा व दवाखाना यांच्याशी संबंध जोडणाऱ्या गाड्यांबाबत ही सोय दुर्मिळ आहे. त्यांचे अवशेष धातूपेक्षा भाषेत अधिक आढळतात. ‘स्टेट ट्रान्स्पोर्ट’चे संक्षिप्त रूप असलेला ‘एस. टी.’ हा शब्द संस्थेचे नाव बदलल्यावरही लोकांच्या तोंडी कायम राहिला. परंतु शब्दावरून आसनांची रचना, टपावरील सामानाची सोय किंवा प्रवासातील दाटी यांचे अनुमान करता येत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष गाडीच हवी. म्हणून प्रत्येक पिढीतील किमान एक बसगाडी लिलावापूर्वी राखून ठेवणे, हे हौसेचे नव्हे, तर साधनसंरक्षणाचे कार्य ठरते.