समुद्राच्या नावाचा आजार

इतिहासाच्या शिक्षकाला एक खोड असते. कोणतीही गोष्ट समोर आली, की ती केव्हा सुरू झाली, हे विचारल्यावाचून त्याला चैन पडत नाही. घाटकोपरच्या एका शाळेत मी बत्तीस वर्षे इतिहास शिकविला आणि शिवकालापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या सनावळ्या मुलांकडून घोटून घेतल्या. पण एक इतिहास मात्र मला माझ्याच एका विद्यार्थ्याकडून शिकावा लागला, आणि त्याची सुरुवात माझ्याच अपराधाने झाली.

साल १९९३. सातवीच्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगा बसे. इयत्ता सातवी, पण अंगाने चौथीतला. रंग पिवळसर, गालांची हाडे वर आलेली. दर तीन आठवड्यांनी तो हटकून दोन दिवस गैरहजर राही आणि कधी 'ताप', कधी 'पोटदुखी' अशी चिठ्ठी आणी. एके दिवशी मी त्याला उभे केले नि म्हणालो, "काय रे, तुझ्या पोटाला पंचांग कळतं वाटतं?" सारा वर्ग खदखदून हसला. तो मान खाली घालून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई मुलुंडहून आली. शिक्षकांच्या खोलीत कोणी नाही असे पाहून ती हलक्या आवाजात म्हणाली, "सर, त्याला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. शाळेत सांगितलं नाही, कारण थोरलीचं लग्न व्हायचंय. चारचौघांत कळलं तर तिला कोण करून घेईल?"

त्या बाईंना काय उत्तर दिले ते आठवत नाही. संध्याकाळी मात्र मी ग्रंथालय गाठले.

१९२५ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी टॉमस कूली नावाच्या बालरोगतज्ज्ञाने हा आजार प्रथम नीट वर्णन केला. रोगी मुले बहुतेक भूमध्य समुद्राच्या काठाहून आलेल्या घराण्यांतली, म्हणून १९३२ मध्ये त्याला ग्रीक भाषेतील 'थलासा' म्हणजे समुद्र या शब्दावरून नाव मिळाले. आपल्याकडील पहिल्या रोग्याची नोंद १९३८ साली कलकत्त्याला झाली. कारण साधे आहे. आई आणि बाप दोघेही या दोषाचे वाहक असले, तर प्रत्येक खेपेला चारांत एक शक्यता अशी, की मुलाला दोन्हीकडून दोष मिळेल आणि त्याच्या शरीरात पुरेसे रक्त तयार होणार नाही. वाहकाला स्वतःला काहीच होत नाही. त्याला बहुधा ठाऊकही नसते. "हा सिंधी-लोहाण्यांचा आजार" असे आपल्या मुलुंडात सर्रास म्हणतात. त्या समाजांत वाहक अधिक, हे खरे. परंतु देशात शंभरांत सरासरी तीन-चार माणसे वाहक आहेत, आणि माझा विद्यार्थी तर अस्सल कोकणातला!

बाहेरून दिलेले रक्त मुलाला जगविते, पण त्याच रक्तातले लोह त्याच्या शरीरात साठते. एका पिशवीत दोनशे मिलिग्रॅमच्या वर लोह असते, आणि ते बाहेर टाकण्याची वाट निसर्गाने ठेवलेली नाही. ते यकृतात आणि हृदयात मुरते. पूर्वी ही मुले बहुधा विशी गाठण्याआधी दगावत. पुढे लोह काढणारे औषध निघाले आणि १९७० नंतरच्या दशकात ते एका लहानशा पंपाने देऊ लागले. पोटाच्या कातडीखाली सुई टोचायची, पंप जोडायचा आणि आठ ते बारा तास तसेच निजायचे. आठवड्यातून पाच-सहा रात्री. औषध महाग, आमच्या विद्यार्थ्याच्या घरी दोन-तीन रात्रींपुरतेच परवडे.

वाचकहो, पुस्तके येथे थांबतात. मुलाने मला पुढचे सांगितले. मामाकडे मुक्कामाला जाता येत नाही. कुशीवर वळता येत नाही. शाळेची सहल रात्रीची असली, की 'ताप' येतो.

१९९५ साली एक मोठी गोष्ट घडली. लोह काढणारी गोळी, डेफेरिप्रोन, जगात सर्वप्रथम भारतात बाजारात आली; ती आणली आपल्या मुंबईच्याच सिप्ला कंपनीने. युरोपात तिला १९९९ मध्ये आणि अमेरिकेत २०११ मध्ये परवानगी मिळाली. गोळी निर्धोक नव्हती. तिने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून वरचेवर रक्त तपासावे लागे. लघवी तांबूस होई आणि पोर घाबरे. पण रात्र सुटली! त्या डिसेंबरात आमची नववीची सहल मुरूडला गेली, तेव्हा हा मुलगा आयुष्यात प्रथम घराबाहेर मुलांच्या रांगेत निजला. सकाळी जंजिऱ्याकडे जाणाऱ्या होडीत तो मला म्हणाला, "सर, माझ्या आजाराच्या नावात समुद्र आहे ना? मग मी याच्या ओळखीचा आहे."

येथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. सतराव्या वर्षी त्याने गोळ्याच सोडल्या. चार महिने घरात कोणाला पत्ता नाही. आई रडत माझ्याकडे आली. मी त्याला बोलाविले, तो म्हणाला, "डॉक्टर आईशी बोलतात, आई डॉक्टरांशी बोलते. मला कोणी विचारतच नाही. मला थोडे दिवस तरी आजारी नसलेला माणूस व्हायचं होतं." थोडे थांबून त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. रक्त चढविताना शेजारच्या खाटेवर असणारा त्याचा जिवलग दोन खेपा दिसला नव्हता. विचारले तर सांगत, "तो गावाला गेलाय." मोठी माणसे ज्या शब्दांत शाळेला फसवीत, त्याच शब्दांत त्यांनी मुलालाही फसविले होते.

वयात येताना औषध टाळणे ही या मुलांची जगभरची कहाणी आहे. हानी आज दिसत नाही, ती दहा वर्षांनी हृदयात दिसते. आणि सतराव्या वर्षी दहा वर्षे म्हणजे युग. पाश्चात्त्य देशांत सिस्टिक फायब्रोसिस नावाचा असाच आनुवंशिक आजार फुप्फुसे धरतो. त्या मुलांचेही रोजचे तास उपचारांत जातात. त्यांचे दुःख तर अधिक, कारण एकाचे जंतू दुसऱ्याला बाधतात, म्हणून त्यांना एकमेकांशेजारी बसण्याचीही मनाई. आमच्या मुलांना निदान शेजारची खाट असते. तेथे पत्ते रंगतात, चिडवाचिडवी होते आणि आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

मी आईला एवढेच म्हटले, "ताई, पुढच्या खेपेला त्याला एकट्याला डॉक्टरांपुढे बसू द्या. आणि मित्राचं खरं काय ते सांगा." तिने दोन्ही केले. तो आठवडाभर जेवला नाही धड. पण गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, त्या त्याच्या स्वतःच्या हाताने.

आज तो चव्वेचाळिशीचा आहे, हिशेबनीस आहे, आणि त्याच्या शरीरातून हजाराच्या आसपास अनोळखी माणसांचे रक्त वाहून गेले आहे. पुढच्या पिढीचे दिवस आणखी बरे आहेत. बोरिवलीला महानगरपालिकेचे केंद्र झाले असून तेथे अस्थिमज्जेचे प्रत्यारोपणही होते. २०१६ च्या कायद्याने थॅलेसेमियाला अपंगत्वाच्या यादीत घेतले; नोकरीच्या राखीव जागांत मात्र धरले नाही. म्हणजे मूल म्हणून त्याची दया येते, माणूस म्हणून त्याला जागा देताना हात आखडतो.

आणि लपवालपवी? सायप्रस बेटाने १९७० नंतरच्या दशकात गावोगावी तपासणी सुरू केली, १९८३ पासून तेथील चर्च लग्नाआधी तपासणीचा दाखला मागू लागले, आणि नवे रोगी जन्मणे जवळजवळ थांबले. आपल्याकडे पत्रिकेचे छत्तीस गुण पाहतात. रक्तातील हिमोग्लोबिन ए-टू पाहण्याची एक साधी तपासणी मात्र अपशकुनी वाटते. त्या थोरल्या बहिणीचे लग्न झाले. तिने होणाऱ्या नवऱ्याला आधी सारे सांगितले. त्याने निमूटपणे स्वतःची तपासणी करून घेतली, आणि तो वाहक निघाला नाही. घाबरली होती ती फक्त मोठी माणसे.

दर दिवाळीला माझा विद्यार्थी फराळाला येतो. गेल्या वर्षी चकली मोडता मोडता म्हणाला, "सर, दिवाळीत आमची जरा पंचाईत होते. कॉलेजं बंद, मंडळी गावाला, रक्त कमी पडतं. यंदा दोनदा परत पाठवलं." मी वयाने रक्तदानातून बाद झालो आहे. म्हणून यंदा पाडव्याला माझ्या दोन नातवंडांना घेऊन रक्तपेढीत जायचे ठरविले आहे. तो सोबत येतो म्हणाला.