भाषाशास्त्र आणि पायथन शिकून झालं, आता मनासारखं काम कुठे शोधायचं?

मी बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात राहते. भाषाशास्त्रात एम.ए. केलं आणि सोबत पायथन शिकले. निकाल लागल्यापासून घरी एकच प्रश्न: "म्हणजे तू नक्की होणार काय?" आजच्या लेखात त्याचंच उत्तर पाहूया. हे क्षेत्र काय आहे, काम कुठे मिळतं आणि सुरुवात फोनवरूनही कशी करता येते, ते सगळं इथे आहे.

भाषातंत्रज्ञान म्हणजे काय?

तुम्ही फोनला मराठीत बोलून मेसेज लिहायला सांगता, कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो, एखादं ॲप इंग्रजी पान मराठीत करून देतं. या सगळ्यामागे जे काम चालतं ते भाषातंत्रज्ञान. याला नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग, म्हणजेच एनएलपी असंही म्हणतात.

नुसतं कोडिंग का पुरत नाही?

तीन साधी उदाहरणं बघा.

1. अक्षरं मोजणं: "हेंद्रेपाडा" यात आपल्याला चार अक्षरं दिसतात: हें, द्रे, पा, डा. पायथनचं लेन फंक्शन मात्र 11 सांगतं. कारण युनिकोडमध्ये मात्रा, अनुस्वार, काना आणि हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात.

2. शोधणं: "पाणी" असं शोधलं तर साध्या शोधात "पाण्यात", "पाण्याखालच्या" हे शब्द सापडत नाहीत. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्द बदलतो. शाळेत शिकलेलं सामान्यरूप ते हेच.

3. अर्थ: "आम्ही उद्या जाऊ" आणि "आपण उद्या जाऊ" यांत मोठा फरक आहे. पहिल्यात ऐकणारा घरीच राहतो, दुसऱ्यात तो सोबत येतो. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द!

याने कुणाचं काय अडतं?

खूप अडतं. आमच्या पश्चिमेच्या बाजूने उल्हास नदी वाहते. जुलै 2019 च्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली होती, हे तुम्हाला आठवत असेल. अशा वेळी नेट गेलं तरी साधा एसएमएस पोहोचू शकतो. पण एका एसएमएसमध्ये इंग्रजी 160 चिन्हं बसतात, देवनागरी फक्त 70. त्याहून मोठा मजकूर तुकड्यांत जातो आणि एखादा तुकडा उशिरा आला तर अर्धीच सूचना हातात पडते.

सरावासाठी मी एक सूचना लिहिली:

"बदलापूर: उल्हास नदीचं पाणी वाढतंय. नदीकाठच्यांनी लगेच उंच जागी जावं."

ही 68 चिन्हं झाली, म्हणजे बसली. मग "बदलापूर" काढून "हेंद्रेपाडा" घातलं, तर 72. नाही बसली! आता काय कापायचं? "लगेच" काढला तर घाई कळत नाही. "उंच जागी" ऐवजी "वर" लिहिलं तर 66 होतात, पण वर म्हणजे वरच्या मजल्यावर की टेकडीवर? मोजायचं काम प्रोग्रॅम करेल, कापायचं काय हे भाषा जाणणाऱ्यानेच ठरवायचं. दोन्ही शिकलेल्या माणसाची गरज इथे लागते. मला हवं ते काम हेच, हे मला त्या दिवशी कळलं.

काम कुठे चालतं?

- सी-डॅक, पुणे: 1988 पासूनची सरकारी संस्था. भारतीय लिप्या संगणकावर आणण्यात मोठा वाटा.
- आयआयटी मुंबई, पवई: इथल्या भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्रात मराठी वर्डनेट तयार झालं. त्यात शब्द अर्थाच्या नात्यांनी जोडलेले असतात.
- भाषिणी: 2022 मध्ये सुरू झालेला केंद्र सरकारचा अनुवाद आणि आवाजाचा प्रकल्प.
- एआयफॉरभारत, आयआयटी मद्रास: भारतीय भाषांसाठी खुली मॉडेल्स आणि डेटा.
- एलथ्रीक्यूब, पुणे: मराठीसाठीच बनवलेली मॉडेल्स आणि डेटासंच सगळ्यांसाठी खुले.

खासगी कंपन्यांत अनुवाद तपासणं, चॅटबॉटचे संवाद लिहिणं, डेटाला लेबल लावणं अशी कामं असतात.

माझा एक अनुभव

मला पहिलं काम लेबलिंगचंच मिळालं, घरबसल्या आणि नगावर पैसे. सूचना इंग्रजीवरून बेतलेल्या. "आम्ही" आणि "आपण" दोन्हीसाठी एकच रकाना. मी विचारलं तर उत्तर आलं, "आहे तसं भरा." तीन महिने भरलं. घरात पैसे हवे होते, त्यामुळे त्याची लाज वाटत नाही. पण ते रकाने चुकीचे आहेत हे मी वहीत टिपत गेले, आणि पुढच्या मुलाखतींत बोलायला तीच वही उपयोगी पडली.

काम घेण्याआधी हे तीन प्रश्न विचारा

1. हे शेवटी कोण वापरणार? त्यातली एक तरी व्यक्ती तुमच्या डोळ्यांसमोर येते का?
2. भाषेतली चूक दाखवली तर ती दुरुस्त करायची सोय आहे का?
3. पगार ठरलेला आहे की नगावर? नगावर असेल तर तासाला किती पडतात, ते स्वतः मोजा.

तिन्ही उत्तरं चांगली मिळतीलच असं नाही. दोन मिळाली तर मी विचार करते.

आजपासून काय करता येईल?

- कॉमन व्हॉइस: मोझिलाच्या या प्रकल्पात फोनवरूनच मराठी वाक्यं वाचून आवाज देता येतो आणि इतरांचे आवाज तपासता येतात. पैसे मिळत नाहीत, पण काम कळतं.
- युनिव्हर्सल डिपेंडन्सीज: इथे वाक्यांचं व्याकरण उलगडून ठेवलेलं असतं. हिंदीच्या मुख्य संचात 16,000 हून जास्त वाक्यं आहेत, मराठीच्या संचात 500 सुद्धा नाहीत. म्हणजे करण्यासारखं भरपूर आहे.
- स्वतःचं छोटं काम: सामान्यरूप ओळखणारा प्रोग्रॅम किंवा एसएमएसची चिन्हं मोजणारं पान बनवा आणि गिटहबवर टाका. बायोडेटात "मराठी येते" लिहिण्यापेक्षा हे जास्त बोलतं.

माझा शोध अजून सुरू आहे. सकाळच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर लॅपटॉप उघडते, नाही मिळाली तर फोनवर वाक्यं तपासते. आणि घरी कुणी "होणार काय?" विचारलं, तर ती 72 चिन्हांची सूचना दाखवते आणि म्हणते, "ही 70 मध्ये बसवून दाखवा."

तुम्हीही करून बघा आणि जमलं तर कमेंटमध्ये नक्की लिहा. फक्त "लगेच" काढायचा नाही!