आव्वाज कुणाचा

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन स्पर्धांत, मुख्यतः एकांकिका स्पर्धांत, दिला जाणारा जयघोष. एकाने सवाल टाकायचा आणि बाकीच्यांनी बेंबीच्या देठापासून आपल्या महाविद्यालयाचे नाव घ्यायचे, एवढीच त्याची रचना. ‘आवाज’मधला ‘व’ दुप्पट होतो, तो जोर चढावा म्हणून.

अमेरिकी विद्यापीठांची विजयगीते फुटबॉलच्या मैदानावर जन्मली. मिशिगन विद्यापीठाचे ‘द व्हिक्टर्स’ हे गीत लुई एल्बेल या विद्यार्थ्याने 1898 मध्ये शिकागोवरील विजयानंतर रचले. आपल्याकडे महाविद्यालयीन ईर्षेला वाव मिळाला तो रंगमंचावर. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने 1963 मध्ये पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू केली. ती होते त्या सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिराच्या आवारात, ऐन पावसाळ्यात, हा घोष रंगतो. त्याला ठरलेली चाल नाही, ज्ञात कवी नाही. नाव बदलले की तो कोणत्याही महाविद्यालयाचा होतो. याच साच्याची घोषणा शिवसेनेच्या सभांतूनही घुमत आली आहे. ढोल-ताशांची साथ मिळाली की शब्द ऐकू येत नाहीत, पण त्याने कुणाचे अडत नाही.

पुण्याबाहेरही हा घोष चालतो: उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्याने त्यांच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाचा युवा महोत्सव हे घोषणाबाजीचे हक्काचे ठिकाण आहे.

घोषाच्या जोराचा निकालावर परिणाम होत नाही. 2022 मध्ये तर पुरुषोत्तम करंडकासाठी परीक्षकांनी एकही एकांकिका पात्र ठरवली नाही.