गॉर्डन हॉलचा नाशिकचा प्रवास

परदेशीं जाऊन आपल्या धर्माचा प्रसार करावा आणि त्याबरोबर तेथील पीडितांची सेवाहि करावी, या हेतूनें घर सोडणाऱ्या माणसांविषयीं आपल्याकडे दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. कोणी त्यांस संत ठरवितो, तर कोणी पारधी. आज ज्याची हकीकत सांगावयाची आहे, तो माणूस या दोन्ही चौकटींत नीट बसत नाहीं.

गॉर्डन हॉल हा अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांतला. अमेरिकन बोर्डानें १८१२ सालीं जी पहिली तुकडी हिंदुस्थानांत धाडली, तींत तो होता. निघण्यापूर्वीं त्यानें फिलाडेल्फियास वैद्यकाचीं कांहीं व्याख्यानें ऐकलीं होतीं. विद्या जुजबीच, पण पुढें तिचाच प्रसंग आला. कंपनी सरकारास मिशनरी नको होते. कलकत्त्यास पाऊल टाकतांच परत फिरण्याचा हुकूम झाला. तेव्हां हॉल आणि त्याचा सोबती सॅम्युएल नॉट तेथून निसटून ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस उतरले. येथेंहि तोच हुकूम. त्यांत इंग्लंड-अमेरिकेचें युद्ध जुंपलेलें. दोघे कोचीनपर्यंत पळाले व तेथून परत आणले गेले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन हा स्वतः भाविक गृहस्थ असल्यामुळें त्याचीहि बरीच ओढाताण झाली असावी. अखेर त्यांस राहूं देण्यांत आलें. नॉट १८१५ सालीं प्रकृति बिघडून परतला. हॉल मात्र राहिला.

तो मराठी शिकला. रस्त्यांत, बाजारांत, देवळांच्या आवारांत उभा राहून बोलूं लागला. शाळा निघाल्या, छापखाना निघाला, १८२४ सालीं मुलींची शाळाहि निघाली. अनुयायी मात्र फारच थोडे मिळाले. १८१८ सालीं त्यानें आणि सॅम्युएल न्यूएल या सहकाऱ्यानें मिळून इंग्रजींत एक पुस्तिका प्रसिद्ध केली. जगांत साठ कोटि लोक ख्रिस्ती धर्माबाहेर आहेत. त्यांच्या उद्धारास माणसें किती लागतील, पैसा किती लागेल, याचा त्रैराशिकासारखा हिशेब तींत मांडला आहे. तो वाचतांना आपल्यासारख्यांस थोडें अवघडल्यासारखें होतें. त्या साठ कोटींत आपले खापरपणजेहि मोजलेले आहेत, आणि त्यांस कोणी विचारलें नव्हतें!

परंतु त्याच सुमारास या देशांत दुसराच एक हिशेब सुरू झाला होता. १८१७ सालीं बंगालमध्यें पटकीनें पेट घेतला आणि पुढच्याच वर्षीं ती मुंबईस येऊन थडकली. १८२१ सालीं खुद्द न्यूएल मुंबईंत याच रोगानें गेला. म्हणजे पटकी काय चीज आहे, हें हॉलला कोणी सांगावयास नको होतें.

१८२६ च्या मार्च महिन्यांत तो शाळेंतील दोन मुलांना बरोबर घेऊन घाट चढून नाशिकला गेला. उद्देश उपदेशाचा, जवळ वांटावयास पुस्तकें होतीं. सोबत औषधेंहि होतीं. पण नाशिकांत पटकीचा कहर चालू होता. माणसें भराभर मरत होतीं. अशा गांवांत धर्मचर्चा कोण ऐकणार? हॉल कांहीं दिवस तेथेंच राहिला आणि रोग्यांस औषध देत फिरला. सांठा संपत आला, तेव्हां आपल्यापुरतें व त्या मुलांपुरतें थोडें राखून तो परत निघाला.

वाटेंत एका खेड्यांत रात्रीं ते देवळाच्या ओसरीवर उतरले. मिशनच्या कागदांत त्या गांवाचें नांव दुर्ली-धापूर असें कांहींसें दिलेलें आहे. ओसरीवर पटकीचे रोगी आधींच पडलेले होते. पहांटे पुढें निघण्याची तयारी चालली असतां हॉललाच उलट्या सुरू झाल्या. राखलेलें औषध घेतलें, तें पोटांत ठरलें नाहीं. कांहीं तासांतच, २० मार्च रोजीं, तो वारला. वय ४१. ज्या मूर्तिपूजेविरुद्ध तो तेरा वर्षें बोलला, तिच्याच एका देवळाच्या आसऱ्यास त्याचा प्राण गेला. पोरक्या मुलुखांत त्या दोन मुलांनीं खड्डा खणवून, पेटीवांचून, त्याला पुरलें.

त्याच्या औषधांचा उपयोग किती झाला असेल? खरें सांगावयाचें तर फार थोडा. त्या काळचे डॉक्टर पटकीवर अफूचा अर्क आणि पाऱ्याचें कॅलोमेल देत. रोग पाण्यांतून पसरतो हें लंडनच्या जॉन स्नोनें दाखवून दिलें, तें १८५४ च्या सांथींत. आणि मीठ-साखरेच्या साध्या पाण्यानें रोगी वांचतो याची मोठ्या प्रमाणावर प्रचीति आली ती १९७१ सालीं, बंगालमधील निर्वासितांच्या छावणींत, डॉक्टर दिलीप महलानबीस यांच्या हातून. हॉलपाशीं यांतलें कांहींच नव्हतें. तरी जें होतें तें त्यानें बाप्तिस्म्याची अट न घालतां मरत्या माणसाच्या तोंडांत घातलें. मरत्या माणसास आमिष दाखवून काय मिळणार? साठ कोटींचा हिशेब करणारा हा गृहस्थ त्या आठवड्यांत एकेक रोगी मोजीत होता, आणि माझ्या मतें त्याचा हा दुसरा हिशेब अधिक खरा होता.

मराठी नव्या कराराचें काम त्याच्या हातून बरेंच पुढें गेलें होतें. तो ग्रंथ त्याच वर्षीं छापून पुरा झाला. पत्नी मार्गारेट मुलांना घेऊन आदल्याच वर्षीं अमेरिकेस गेली होती. त्या काळीं शिडाच्या जहाजांतून मुंबईचें पत्र तिकडे पोहोंचावयास कांहीं महिने लागत.