टेलिटाइपवरील चंद्रावतरण

मुलांच्या हाती साधन द्यायचे ते जितके संपन्न तितके बरे, असे आपण धरून चालतो. संगणकावरील खेळांचा आरंभीचा इतिहास काही निराळेच सांगतो.

इ. स. १९६४ च्या मे महिन्यात अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी ‘बेसिक’ ही संगणकभाषा सुरू केली. विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही ती यावी, हा हेतू. म्हणून शब्द मोजके, ओळींना क्रमांक. चूक झाल्यास तेवढी ओळ पुन्हा टंकावी. पडदा नव्हताच. टेलिटाइप यंत्रावर कागदाच्या गुंडाळीवर उत्तर छापून येई. चित्र नाही, रंग नाही. हाती उरले अंक आणि शब्द. विद्यार्थ्यांनी त्यांतूनच खेळ रचले.

‘फोकल’ ही अशीच दुसरी सोपी भाषा. १९६९ च्या जुलैत मानव चंद्रावर उतरला आणि त्याच वर्षी, पुढच्या काही महिन्यांत, मॅसॅच्युसेट्समधील लेक्झिंग्टन हायस्कूलचा विद्यार्थी जिम स्टोरर याने पीडीपी-८ या संगणकासाठी फोकलमध्ये चंद्रावतरणाचा खेळ लिहिला. यान १२० मैल उंचीवर, वेग ताशी ३,६०० मैल. दर दहा सेकंदांना किती इंधन जाळायचे, तो आकडा खेळणाऱ्याने टंकायचा. यंत्र नवी उंची व वेग छापणार. घाई केली तर इंधन संपते, उशीर केला तर यान आपटते. बस्स, एवढेच! पण यात गतीचे नियम आले, आणि शाळकरी मुलाने ते कोणी घोकून घेतल्यावाचून वापरले.

१९७३ साली डेव्हिड अहल यांनी असे खेळ ‘१०१ बेसिक कॉम्प्युटर गेम्स’ या पुस्तकात छापले. ओळन्‌ओळ हाताने टंकावी लागे. टंकता टंकता एखादा आकडा बदलून पाहावासा वाटे, आणि वाचक नकळत रचनाकार होई. याच पुस्तकाच्या १९७८ च्या आवृत्तीच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. माझ्या मते यामागे साधनाचा तोकडेपणाच होता. भाषा थोडक्या दिवसांत शिकून संपे. मग उरे ती कल्पना.

२०२४ साली एका जाणकाराने स्टोररचा मूळ कार्यक्रम तपासला, तेव्हा एका सूत्रात दोनाने भागायचे राहून गेल्याचे आढळले. तोवर पंचावन्न वर्षे लोक त्या यानातून चंद्रावर उतरतच होते.