बागलाणचे बागुल राज्य : उदय व अस्त यांची मीमांसा

नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेस, मोसम खोऱ्याच्या डोंगराळ मुलखात मुल्हेर व साल्हेर हे दोन बळकट दुर्ग आहेत. मोगलपूर्व काळात येथे बागुल राजे नांदत होते. ते स्वतःस राठोड म्हणवीत.

नारायणशहाच्या आज्ञेवरून रुद्रकवीने शके १५१८ मध्ये (इ. स. १५९६) 'राष्ट्रौढवंशमहाकाव्य' रचले. वीस सर्गांच्या या संस्कृत काव्यात मुल्हेरला मयूरगिरी म्हटले आहे. त्यातील कनोजपासूनची वंशकथा स्तुतिपर असल्याने जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. कवीच्या समकालीन राजांपुरते मात्र ते मोलाचे साधन होय.

राज्याच्या सामर्थ्याचे रहस्य अन्य साधनांतून उलगडते. 'ऐन-इ-अकबरी'त येथील सात दुर्गांचा उल्लेख आहे. सुरत-बुऱ्हाणपूर व्यापारी मार्ग या मुलखातून जाई आणि मुल्हेरच्या टांकसाळीत महमुदी नाणी पडत. गुजरात, खानदेश व अहमदनगर यांच्या परस्परस्पर्धेत, प्रसंगी खंडणी देऊन, या लहान राज्याने आपले अस्तित्व राखले.

हाच आधार पुढे ढासळला. १५७३ मध्ये गुजरात व १६०१ मध्ये खानदेश मोगलांकडे गेले. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली. आता चोहोंकडे एकच सत्ता उरली. १६३८ मध्ये शाहजादा औरंगजेबाच्या फौजेपुढे मुल्हेर शरण आले आणि राजास मोगली मनसब पत्करावी लागली. वंशगौरवाचे काव्य व राज्याचा अंत यांत अवघ्या बेचाळीस वर्षांचे अंतर आहे. बागलाणचे राज्य केवळ दुर्ग दुबळे ठरल्याने बुडाले नाही. ज्या सत्तासमतोलावर ते उभे होते, तोच नष्ट झाला होता.