एक बर्थ, दोन खिडक्या

परभणी जिल्ह्यातील बोरी (ता. जिंतूर) या गावाला रेल्वे नाही. येथून मुंबईस वा हैदराबादेस रेल्वेने निघणारा प्रवासी परभणी जंक्शन गाठतो. परभणीचा लोहमार्ग मूळचा निजाम राज्याचा. १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाल्यावर त्याचे मुख्यालय सिकंदराबाद झाले.

संगणकापूर्वी आरक्षण म्हणजे जाडजूड रजिस्टर. गाडी आणि तारीख यांचे पान ठरलेले, आणि मधल्या स्थानकांच्या वाट्याला मोजक्या बर्थांचा कोटा. परतीचे आरक्षण तारेने मागावे लागे. रजिस्टर एकाच कारकुनाच्या हाती असल्याने रांग लांबत असे खरी, परंतु एक बर्थ दोघांना विकला जाण्याची भीती त्यामुळेच कमी होती.

संगणकाने खिडक्या वाढवल्या आणि नेमकी हीच हमी धोक्यात आली. दोन खिडक्यांवरून एकाच क्षणी एकाच बर्थची मागणी झाली, तर तो कोणाचा?

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने दिले. १९७७ मध्ये तिने व्हॅक्स हा मिनीसंगणक आणला आणि १९८३ मध्ये अनेक व्हॅक्स जोडणारी ‘व्हॅक्सक्लस्टर’ रचना जाहीर केली. जुने व नवे व्हॅक्स एकत्र नांदू शकत. डिस्क कोणा एकाच्या मालकीची न राहता सर्वांना खुली होई. आरंभी त्यासाठी खास केबल व नियंत्रक लागत. १९८६ पासून हेच काम साध्या इथरनेटवरून होऊ लागले, आणि स्वतःची डिस्क नसलेला छोटा मायक्रोव्हॅक्सही जाळ्यावरूनच सुरू होई.

डिस्क वाटून घेणे त्यामानाने सोपे. नोंदीला हात लावण्याआधी तिच्यावर कुलूप मागणे, ते मिळेपर्यंत थांबणे आणि काम झाल्यावर सोडणे, ही शिस्त सर्व यंत्रांकडून पाळून घेणे खरे अवघड. या कुलपांचा हिशेब एकाच यंत्राकडे नसे. तो सर्वांत विभागलेला असे. एखादे यंत्र बंद पडले, तर उरलेली तो पुन्हा जुळवत. जाळे मधेच तुटले, तर ज्या तुकडीकडे मतांची आवश्यक संख्या नसे ती काम थांबवी. चुकीची नोंद करण्यापेक्षा गप्प बसणे बरे, हा कोणाही जुन्या कारकुनाला पटण्याजोगा नियम!

भारतात संगणकीय आरक्षण १९८५ मध्ये दिल्लीत सुरू झाले. प्रणाली सीएमसी या सरकारी कंपनीच्या साहाय्याने घडली. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथेही केंद्रे झाली, पण ती परस्परांपासून अलग. ‘क्रिस’ या रेल्वेच्याच संस्थेने व्हॅक्सच्या व्हीएमएस कार्यप्रणालीवर ‘कॉन्सर्ट’ रचली. ती १९९४ मध्ये प्रथम सिकंदराबादला आली आणि १९९९ पर्यंत पाचही केंद्रे जोडली गेली. पाच शहरांच्या डिस्क मात्र एक झाल्या नाहीत. गाडीची नोंद तिच्या केंद्रातच राही. दुसऱ्या शहरातून जाई तो केवळ निरोप. म्हणजे जुन्या तारेचेच काम, पण क्षणार्धात.

परभणीच्या खिडकीवर मिळालेला बर्थ आता दुसऱ्या कोणास मिळणार नव्हता. परभणीच्या वाट्याला एकूण किती बर्थ, हा आकडा मात्र कुठलेही यंत्र ठरवत नव्हते. तो पूर्वीप्रमाणेच रेल्वेच्या कार्यालयात ठरे आणि तेथून संगणकात भरला जाई.